महाला आजीचा उभा हंडा

आमच्या दफनभूमीत थडग्यावर माणसाच्या हातातली शेवटची वस्तू ठेवतात. कुणाचा कप, कुणाचा कंदील, कुणाची औषधाची बाटली. वस्तू फोडून ठेवायची नाहीतर पालथी घालायची, म्हणजे गेलेल्याचा जीव तिच्यात घुटमळत नाही. महाला ग्राइसच्या थडग्यावर कपडे उकळायचा तीन पायांचा लोखंडी हंडा आहे, आणि तो उभा आहे. पाऊस पडला की भरतो, पानं कुजतात, बेडूक येऊन बसतो. आमच्या चर्चचे कारभारी डीकन होझिया येताजाता तो पालथा करतात आणि मी येताजाता उभा करते.

"लूडी, हे बरं दिसत नाही," ते एकदा म्हणाले. "साऱ्या गावाच्या वस्तू पालथ्या, आणि हिचाच हंडा आ वासून बसलाय."

"तुम्ही गेलात की तुमची जीभ पालथी घालीन हो थडग्यावर," मी म्हटलं. "ह्याला हात लावू नका."

ते बायबल काखेत मारून निघून गेले. हंडा उभा का, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आता सांगते.

महाला आजी माझ्या नात्याची नव्हे. पाइन हॉलोत माझी खोपी आणि तिची खोपी यांच्यामध्ये एक रताळ्याचा वाफा, एवढंच नातं. मी गोऱ्यांचे कपडे धुऊन पोट भरते आणि ती नव्वदीची, एकटी. दोन्ही खोप्या लॅटिमरांच्या जमिनीवर. अलाबामाच्या आमच्या भागात पायाखालची जमीन लॅटिमरांची नसेल तर समजावं की आपण रस्त्यावर उभे आहोत. आजीचा जन्म त्यांच्याच वाडीवर झाला, त्यांच्या मालकीची म्हणून. गाय, खेचर, नांगर आणि महाला. सुटका झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पुढे सायलस ग्राइसशी लग्न झालं, पोरं झाली, काही तापात गेली, काही उत्तरेकडे गेली ती गेलीच. अर्ध्या वाट्यानं कापूस वेचता वेचता हाताची बोटं वाकडी झाली. म्हातारपणी दोन गोष्टी उरल्या, तपकिरीची डबी आणि आईचा हा हंडा.

हंड्याची रीत जुनी. गुलामीच्या काळात काळ्या माणसांनी आपापलं जमून प्रार्थना केली तर पाठीची सालडी निघायची. म्हणून उंबऱ्याशी हंडा पालथा घालायचे आणि त्याच्या काठाखाली लाकडाची ढलपी सारून थोडी फट ठेवायचे. बोलणं, रडणं, देवाचा धावा सगळं त्या फटीतून हंड्यात शिरतं आणि बाहेरच्या गस्तवाल्यांच्या कानावर जात नाही, असा भरवसा होता. लोखंड खरंच आवाज गिळतं का? मला विचाराल तर नाही गिळत. पण महाला आजीची आई त्या भरवशावर जगली, आणि आजीनं त्यात स्वतःची एक भर घातली. ती म्हणायची, "पालथ्या हंड्यापुढं खोटं बोलायचं नाही. त्याच्या पोटात माझ्या आईची प्रार्थना आहे." सुटकेला सत्तर वर्षं झाली तरी घरात काही खरं बोलायचं असलं की आधी हंडा पालथा पडायचा. माझा नवरा मला सोडून गेला तेव्हा "लूडी, त्यानं मारलं होतं का तुला?" हे तिनं हंडा पालथा घालून विचारलं होतं. मी सांगितलं. दुसऱ्या कुणाला आजवर सांगितलेलं नाही.

आणि तिचं एक वेड होतं. चर्चमध्ये परगावचा पाद्री आला, कुणी पाहुणा आला, रेल्वेवर काम करणारा कुणी पोरगा सुट्टीवर आला, की प्रार्थना संपल्यावर महाला आजी काठी टेकत उभी राहायची आणि एकच गोष्ट विचारायची.

"झिल्फा नावाची बाई कुणी पाहिलीय का? माझी धाकटी बहीण. टेक्सासकडे नेली. डाव्या पोटरीवर भाजल्याचा डाग आहे, कोयरीएवढा."

तो डाग ह्याच हंड्याच्या तापलेल्या पायाचा. आधी तिची आई असंच उभं राहून विचारायची. ती विचारता विचारता मेली, मग लेक विचारायला लागली. पोरंसोरं मागच्या बाकावर ते वाक्य तिच्याबरोबर पुटपुटायची. मीही लहानपणी पुटपुटलेय. आम्हाला ते स्तोत्राच्या शेवटच्या कडव्यासारखं झालं होतं. कुणी हो म्हणेल असं कुणालाच वाटत नव्हतं. तिला वाटत होतं.

एकोणीसशे सदतीसच्या उन्हाळ्यात बातमी आली की सरकार गुलामीतून सुटलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहून घेतंय. डीकन होझियांनी लगेच त्याचा अर्थ लावला.

"आठवणी बिठवणी काही नाही. ही म्हातारपणाच्या पेन्शनची चौकशी आहे. सरकारचं माणूस येईल तेव्हा गोड बोला. मालक कसा होता? देवमाणूस. खायला काय मिळायचं? पोटभर. जो रडगाणं गाईल त्याचं नाव कापतील."

सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. कुणी ठेवणीतली चादर काढली, कुणी मालकाचे गुण पाठ केले. मी कपाळाला हात लावला. पण माझं कोण ऐकतंय!

सरकारचं माणूस आलं, ते म्हणजे मिस कोरिन लॅटिमर. आजीच्या मालकाची सख्खी नात. कापसाचे दिवस फिरले तसे मोठ्या घराचेही फिरले होते, म्हणून बाईंनी हे सरकारी काम धरलं होतं. मी त्यांच्या घरचे कपडे धुते, त्यामुळे कुणाची चादर किती ठिकाणी विरलीय हे मला ठाऊक. बाई स्वभावानं मऊ, बोलणं हळू, कुणावर कधी हात उगारला नाही. पण गोगलगाय नि पोटात पाय. येताना तपकिरीचा डबा आणि पेपरमिंटच्या गोळ्या घेऊन आल्या होत्या. आवळा देऊन कोहळा काढायची विद्या त्या घराला पिढीजात आहे.

"काय महाला मावशी, ओळखलंस का मला?"

मावशी! काळ्या बाईला 'मिसेस ग्राइस' म्हणताना गोऱ्यांची जीभ टाळ्याला चिकटते, मग असं नातं लावतात. नव्वदीच्या बाईला अगं-तुगं करायला मोकळे. मावशीसाठी खुर्चीवरून उठलेली भाची मात्र मी अजून पाहायचीय.

"ओळखलं ना, मिस कोरिन," आजी म्हणाली. "तुमच्या आजोबांचंच नाक आहे."

बाई खूश झाल्या. हंडा कोपऱ्यात उभाच होता, आणि आजीनं जे सुरू केलं ते ऐकून मी वाफ्यात गवत उपटायचं सोडून रताळ्याचे वेल उपटले. म्हणे मालक देवासारखा. नाताळला संत्री मिळायची. मक्याची भाकरी, काकवी, डुकराचं मांस, कशाला कमी नव्हतं. चाबूक? छे, आमच्याकडे चाबूक खुंटीवरच असायचा. बाई भराभर लिहीत होत्या आणि मधूनच डोळे पुसत होत्या.

त्या गेल्यावर मी आत शिरले.

"झालं समाधान? आता मालकाचा पुतळा उभारा अंगणात."

"अगं, हंडा उभा होता ना," आजी शांतपणे तपकीर ओढत म्हणाली. "उभ्या हंड्यापुढं काय बोलले ते कशाला मनावर घेतेस?"

"त्यांनी तेच लिहून घेतलंय!"

"लिहू दे. मला वेगळंच कळलंय." तिनं मला जवळ ओढलं. "पोरी, मी तिला विचारलं, हे कागद जातात कुठं? म्हणाली, वॉशिंग्टनला. आणि म्हणाली, प्रत्येक राज्यात असं लिहून घेताहेत. जॉर्जियात, मिसिसिपीत. टेक्सासातसुद्धा. म्हणजे बघ, तिकडे कुणीतरी बाई अशीच वही घेऊन झिल्फापुढं बसली असेल. झिल्फा सांगत असेल, माझी बहीण महाला, अलाबामात. आणि सगळे कागद एकाच खोलीत जाणार. कुणीतरी दोन्ही वाचेल की नाही?"

"आजी, झिल्फा असली तर शहाऐंशीची असेल."

"मग? मी नव्वदीची नाही का?"

तिच्या तोंडावर जे आलं होतं ते पाहून माझा राग कुठल्या कुठे गेला. आयुष्यभर विचारून विचारून तिला पहिल्यांदाच असा कागद सापडला होता जो टेक्सासच्या कागदाशेजारी ठेवला जाणार होता. पण त्या कागदावर झिल्फाचं नाव यायचं तर झिल्फा विकली हे यायला हवं. कुणी विकली हे यायला हवं. आणि लिहिणार लॅटिमर.

मी तिला समजावलं. तालुक्यात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे, लॅटिमरांनी कधीही माणूस विकलं नाही. त्यांच्या दिवाणखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ती चहाबरोबर मिळते. "घर जाईल आजी. ह्या वयात कुठं जाशील?"

"माझ्या घरी ये म्हणशील की."

"माझं घर तरी कुणाच्या जमिनीवर आहे?"

तिनं तपकिरीची डबी उघडली. पण मिस कोरिन पुढच्या आठवड्यात परत आल्या, गाणी आणि भुताच्या गोष्टी लिहून घ्यायला, तेव्हा आजीनं मला हाक मारली.

"लूडी, हंडा पालथा घाल."

गोऱ्या माणसादेखत त्या हंड्याला कधी कुणी हात लावला नव्हता. मी हलेना, तेव्हा ती स्वतःच उठायला लागली. शेवटी मी हंडा उंबऱ्याशी पालथा घातला आणि खाली ढलपी सारली. मिस कोरिन कौतुकानं पाहत होत्या. "ही काही जुनी रीत आहे का गं मावशी?" त्यांनी विचारलं आणि वहीत लिहूनही घेतलं.

"मिस कोरिन, मागच्या वेळी तुम्ही विचारलंत, मोठ्या घरात गाणं-बजावणं असायचं का. असायचं. तुमच्या दिवाणखान्यातला काळा पियानो आहे ना, तो आला तो दिवस मला आठवतो."

"हो का! मी त्याच्यावरच शिकले. सांग ना."

"उतारावरून वॅगन आली. चार माणसांनी तो उतरवला. तुमच्या आजी व्हरांड्यात उभ्या होत्या, टाळ्या वाजवत होत्या. वॅगनवाला म्हणाला, बाकीच्या पैशांचं काय? मालक म्हणाले, ठरलंय तसं. मग तुमच्या आजींनी मला बोलावलं. मी दहा वर्षांची, झिल्फा सहाची. म्हणाल्या, महाला, तुझ्या बहिणीला वॅगनमध्ये बसायचंय, चढव तिला."

मिस कोरिनची पेन्सिल थांबली.

"तिला वॅगनची हौस होती. मी तिला काखेत धरून वर उचललं. हलकी होती. ती हसत होती. मला म्हणाली, तूपण ये. मी म्हटलं, तू पुढं बस, मी मागून येते." आजीनं आपले वाकडे हात मांडीवर पालथे ठेवले. "ह्या हातांनी चढवली. मला वाटलं फाटकापर्यंत नेतील आणि आणतील. आई शेतावरून आली तेव्हा मोठ्या घरात पियानो वाजत होता."

हे मला माहीत नव्हतं. नाव माहीत होतं, डाग माहीत होता, टेक्सास माहीत होतं. चढवलं कुणी ते तिनं आजवर हंड्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. मी दाराला टेकले. मला ओरडून रडावंसं वाटत होतं, आणि रडले असते तर मिस कोरिनला आधी माझं सांत्वन करावं लागलं असतं, तेवढा मान मी त्यांना देणार नव्हते.

मिस कोरिननी पेन्सिल खाली ठेवली. मग अगदी मायेनं म्हणाल्या, "मावशी, पियानो माझ्या आजीच्या माहेरून आला. आंदणात. तुझी काहीतरी गल्लत होतेय. ह्या वयात होतं असं."

"होत असेल," आजी म्हणाली.

मी थक्क झाले. ती भांडेल असं मला वाटलं होतं. पण ती पुढं वाकली आणि भाजीवालीशी घासाघीस करावी तशी बोलायला लागली.

"पियानो सोडून द्या. नका लिहू. मालक देवमाणूस होते असं लिहा, मी अंगठा देते. संत्री लिहा. मी तिला चढवलं तेही नका लिहू. नुसतं एवढंच लिहा, महालाला झिल्फा नावाची बहीण होती, टेक्सासकडे गेली, डाव्या पोटरीवर कोयरीएवढा डाग. विकली म्हणू नका. गेली म्हणा. आपल्या पायानं गेली म्हणा."

"सहा वर्षांची मुलगी आपल्या पायानं टेक्सासला कशी जाईल, मावशी?"

"तेच तर," मी दारातून म्हटलं. माझी जीभ कधी ऐकते!

मिस कोरिननी माझ्याकडे पाहिलं नाही. वही मिटली, आजीच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बघते हं. लिहीन मी." उठून निघाल्या आणि उंबऱ्यातल्या हंड्यावरून पाय उचलून पलीकडे गेल्या, चिखल टाळावा तशा.

"लिहीन म्हणाली," आजी म्हणाली. "हंड्यापुढं म्हणाली."

पालथ्या घड्यावर पाणी, हे मला दिसत होतं. पण तिला कोण सांगणार? त्या दिवसापासून तिची आशा म्हणजे दुखणंच झालं. टपालवाला वाफ्याच्या कडेनं गेला की ती दारात. जेवण सुटलं. रताळं कुसकरून दिलं तर चिमणीएवढं खायची. चर्चमध्ये परगावचा पाद्री आला तेव्हा ती उठलीच नाही. सगळी मागं वळून पाहायला लागली. मागच्या बाकावरच्या पोरांनी वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं. "आता कशाला?" ती माझ्या कानात म्हणाली. "आता लिहिलंय ना."

कापूस फुटायच्या सुमाराला लॅटिमरांचे धुवायचे कपडे आले आणि वर घडी घातलेलं तालुक्याचं साप्ताहिक होतं, गोऱ्यांचं. मिस कोरिननी आपला लेख त्यातही छापायला दिला होता, आणि मावशीला दाखव म्हणून निरोप होता. मी तो अंगणातच उभ्यानं वाचला. मी सहावीपर्यंत शिकलेय, तेवढं शिक्षण त्याला पुरलं.

सगळं होतं. संत्री होती, काकवी होती, खुंटीवरचा चाबूक होता. हंड्याची गमतीदार रीत होती. आजीचं बोलणं मोडक्या-तोडक्या शब्दांत छापलं होतं, वाचणाऱ्याला हसू यावं म्हणून. 'माझ्या आजोबांनी कधी कुणाला विकले नाही, हे आजही मावशी साश्रू नयनांनी सांगते.' आणि शेवटी, 'मोठ्या घरात नवा पियानो आला, तेव्हा मावशी आणि इतर काळी मुले अंगणात आनंदाने नाचली.'

झिल्फा नव्हती. मी उलटून पाहिलं. पाठीमागे खताची जाहिरात होती.

मी तो कागद चुलीत घालणार होते. पण आजीनं मला दारातून पाहिलं होतं.

"आला का गं?" ती आधीच उशीला टेकून उठून बसली होती. अंगाची नुसती काडी झाली होती. "वाच."

मी खाटेशी स्टूल ओढलं आणि वाचायला लागले. संत्री वाचली. काकवी वाचली. तिचं तोंड माझ्याकडे लागलेलं, ओठ किंचित उघडे. मी कागदावरून नजर न हलवता पुढं वाचलं, "महाला ग्राइस यांना एक धाकटी बहीण होती. तिचं नाव झिल्फा. तिला अलाबामातून टेक्सासकडे नेण्यात आलं. तिच्या डाव्या पोटरीवर भाजल्याचा डाग असून तो कोयरीएवढा आहे. ती जिथं असेल तिथं तिनं समजावं की तिची बहीण तिला शोधते आहे."

आजीनं डोळे मिटले. गाल ओले झाले.

"मिसेस ग्राइस म्हटलंय?"

"महाला ग्राइस यांना, असं म्हटलंय."

"आणि नाव? कुठंय ते? मला हात लावू दे."

तिनं बोट पुढं केलं. मी ते धरलं आणि कागदावर टेकवलं. कुठं टेकवावं ते सुचेना. टेकवलं ते पियानोवर.

ती बोट फिरवत राहिली, हळूहळू, पोराच्या कपाळावरून फिरवावं तसं.

मग म्हणाली, "लूडी, हंडा पालथा घाल. आणि परत वाच."

मी उठले. कोपऱ्यात गेले. दोन्ही हातांनी हंड्याचा काठ धरला. लोखंड गार होतं. तो काही एवढा जड नाही, धुण्याच्या दिवशी मी तो पाण्यासकट उचलायची. त्या दिवशी माझ्याच्यानं तो तसूभरही हलला नाही. मी तशीच वाकून उभी राहिले, तिच्याकडे पाठ करून.

"राहू दे," ती म्हणाली.

मी वळले. ती माझ्याकडे पाहत नव्हती, बोटाखालच्या कागदाकडे पाहत होती.

"राहू दे पोरी. उभाच असू दे. इकडं ये, आणि झिल्फाचं परत एकदा वाच."